पुढे कोण, मागे कोण? आकाशगंगेच्या मध्यावरच्या वायूची गोष्ट, व्हाया कल्याण

पीएचडीच्या मुलाखतीची तयारी करणाऱ्या वाचकांचा एक प्रश्न मला सारखा येतो. विषय ठरलाय, पाठ्यपुस्तकं वाचून झालीत, नवे चार-पाच पेपरही वाचलेत, मग पन्नास-साठ वर्षांपूर्वीचे पेपर कशाला वाचायचे? त्यातलं जे बरोबर होतं ते पुस्तकात आलंच आहे ना? यावर नुसतं मत देण्यापेक्षा एक उदाहरण देते. आपल्या आकाशगंगेच्या केंद्राजवळ जो वायू आहे तो कसा पसरलाय आणि कुठे चाललाय, या प्रश्नाचा इतिहास. यातली निरीक्षणं १९५७ पासून जवळपास तीच आहेत. अर्थ मात्र पार बदलला. शिवाय या गोष्टीचा एक धागा आपल्या ठाणे जिल्ह्यातून जातो, आणि शहापूर-मुरबाडच्या कॉलेजातल्या फारच थोड्या मुलांना तो माहीत असतो.

आधी जागा ओळखून घ्या. वृश्चिकेची नांगी आणि धनु राशीतली ती किटलीसारखी आकृती यांच्या मधोमध आकाशगंगेचं केंद्र येतं. शहापूरहून ते आकाशात जास्तीत जास्त ४१-४२ अंश वर चढतं, दक्षिणेला. मध्यरात्री डोक्याच्या दक्षिणेला नेमकं येतं ते जूनच्या तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे आपल्याकडे पाऊस सुरू झाल्यावर. एप्रिल-मे महिन्यात पहाटे किंवा ऑक्टोबरात संध्याकाळी नैर्ऋत्येला बघा, माहुलीच्या पायथ्याला अजूनही पुरेसा अंधार सापडतो. (मूळ नक्षत्र तिथे जवळच आहे, म्हणून 'पूर्वजांना केंद्र ठाऊक होतं' असे मेसेज फिरतात. नावाच्या योगायोगाला पुरावा म्हणत नाहीत, एवढंच सांगून पुढे जाते.)

पण डोळ्यांनी बघून उपयोग नाही. आपल्यापासून केंद्र साधारण २६-२७ हजार प्रकाशवर्षं दूर आहे आणि वाटेत इतकी धूळ आहे, की तिथून निघालेल्या दृश्य प्रकाशाच्या एक लाख कोटी फोटॉनांपैकी एखादाच आपल्यापर्यंत पोचतो. रेडिओ लहरींना ही धूळ अडवत नाही, आपला पावसाळाही फारसा अडवत नाही. म्हणून हा सगळा इतिहास रेडिओ खगोलशास्त्राचा आहे. त्याची सुरुवातसुद्धा याच दिशेने झाली. १९३२-३३ मध्ये बेल प्रयोगशाळेत कार्ल जान्स्की दूरध्वनीतली खरखर कुठून येते ते शोधत होता. त्यातली एक खरखर रोज सुमारे चार मिनिटं लवकर उगवायची, म्हणजे ती सूर्याची नव्हती, ताऱ्यांबरोबर फिरत होती. सगळ्यात जोरात यायची ती धनु राशीकडून.

आता सिडनीला चला. पॉट्स हिल नावाचा तिथल्या पाणीपुरवठ्याचा एक जलाशय आहे. तानसा, वैतरणा, भातसा मुंबईला पाणी देतात तसाच. दुसऱ्या महायुद्धानंतर ऑस्ट्रेलियाच्या सीएसआयआरओ या सरकारी संशोधन संस्थेतल्या रडारवर काम केलेल्या लोकांनी या जलाशयाच्या काठावर रेडिओ अँटेना उभ्या केल्या. १९५१ साली एकाच वर्षात, एकाच आवारात दोन गोष्टी झाल्या. पिडिंग्टन आणि मिनेट यांना १२१० मेगाहर्ट्झवर आकाशगंगेच्या केंद्राच्या दिशेला एक लहानसा पण जबरदस्त स्रोत सापडला. यालाच पुढे सॅजिटेरियस ए असं नाव मिळालं. आणि ख्रिश्चनसेन व हिंडमन यांनी हायड्रोजनची २१ सेंटिमीटरची रेषा पकडली. ही रेषा असणार हे नेदरलँड्सच्या व्हॅन डी हुल्स्टने १९४४ मध्ये सांगितलं होतं. अमेरिकेत युएन आणि पर्सेल यांनी ती २५ मार्च १९५१ ला प्रथम टिपली, मग मे महिन्यात डच गटाने, आणि सिडनीच्या लोकांनी बातमी कळल्यावर काही आठवड्यांत उपकरण जुळवून दुजोरा दिला. याच शहरात डोव्हर हाइट्सला बोल्टन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी जेवणाच्या सुट्टीत वाळूत खड्डा खणून, त्यालाच डिश बनवून केंद्राचा नकाशा काढायला घेतला होता, तो वेगळाच किस्सा. मॅकगी आणि बोल्टन यांचा १९५४ चा पेपर त्यातूनच आला.

ही २१ सेंटिमीटरची रेषा एवढी महत्त्वाची का, ते बघा. उदासीन हायड्रोजन १४२०.४ मेगाहर्ट्झवरच बोलतो, दुसऱ्या सुरात नाही. त्यामुळे सूर जरा जरी सरकला तरी वायू आपल्याकडे येतोय की लांब जातोय हे कळतं. आसनगावला न थांबणारी एक्स्प्रेस फलाटावरून जाते तेव्हा येताना भोंगा चढा आणि जाताना पडका ऐकू येतो, तोच डॉप्लर परिणाम. सेकंदाला ५३ किलोमीटर वेगाने येणाऱ्या वायूची रेषा फक्त पाव मेगाहर्ट्झने वर सरकते. पण तेवढं मोजता येतं. मात्र एक मर्यादा लक्षात ठेवा, पुढचं सगळं तिच्यावर उभं आहे: डॉप्लरने फक्त आपल्या दिशेचा वेग कळतो. आडवा वेग कळत नाही आणि अंतर तर अजिबात कळत नाही.

अंतर कळत नसेल, तर वायू केंद्राच्या अलीकडे आहे की पलीकडे, हे कसं ठरवायचं? यासाठी एक जुनी युक्ती आहे, आणि ती तुम्हाला माळशेज घाटात पावसाळ्यात दिसते. समोरून येणाऱ्या गाडीचा दिवा आणि तुम्ही यांच्यामध्ये धुकं असेल तर दिवा मंद होतो. धुकं दिव्याच्या मागे असेल तर दिव्याला काही होत नाही. इथे दिवा म्हणजे सॅजिटेरियस ए. जो वायू त्याच्या अलीकडे असेल तो त्याच्या प्रकाशातून नेमकी आपल्या वेगाची वारंवारता खाऊन टाकतो, म्हणजे शोषण रेषा दिसते. जो पलीकडे असेल तो स्वतः चमकलेला दिसेल, पण शोषण करणार नाही.

डच गटाने हेच केलं. हॉलंडहून आकाशगंगेचं केंद्र क्षितिजापासून जेमतेम ८ अंश वर येतं, आपल्या तुलनेत म्हणजे झाडांच्या शेंड्यांवरून डोकावल्यासारखंच. तरीही १९५७ मध्ये व्हॅन वोर्डेन, रुगूर आणि ऊर्ट यांनी दाखवलं, की सॅजिटेरियस ए च्या दिशेला हायड्रोजनचा एक लांबलचक पट्टा सेकंदाला ५३ किलोमीटर वेगाने आपल्याकडे येतोय आणि तो शोषण करतोय. म्हणजे तो केंद्राच्या अलीकडे आहे. अलीकडे असून आपल्याकडे येतोय, म्हणजे केंद्रापासून दूर चाललाय. केंद्रापासून साधारण ३ किलोपार्सेक, म्हणजे सुमारे १० हजार प्रकाशवर्षांवर असल्यामुळे त्याचं नाव पडलं तीन किलोपार्सेक बाहू. याशिवाय त्यांना दुसरा एक वायू दिसला, तो सेकंदाला सुमारे १३५ किलोमीटरने आपल्यापासून लांब जातोय आणि शोषण करत नाही. म्हणजे तो केंद्राच्या पलीकडे, आणि आणखी पलीकडे चाललेला.

तुम्ही १९६० साली असतात तर काय निष्कर्ष काढला असता? अलीकडचा वायू अलीकडे पळतोय, पलीकडचा पलीकडे पळतोय. मधून काहीतरी बाहेर फेकलं जातंय, हे उघड नाही का? रुगूर आणि ऊर्ट यांनी १९६० च्या पेपरमध्ये हाच प्रसरणाचा अर्थ मांडला. आणि ऊर्ट म्हणजे कोणी साधा माणूस नव्हे. आकाशगंगा फिरते हे १९२७ मध्ये निरीक्षणांतून सिद्ध करणारा, डच रेडिओ खगोलशास्त्र उभं करणारा माणूस. पुढची काही वर्षं तर स्फोटांना पोषकच होती. १९६३ मध्ये क्वेसार कळले, दीर्घिकांच्या केंद्रांत प्रचंड ऊर्जा बाहेर पडते हे लोकांना पटायला लागलं होतं. आपल्याही केंद्रात कधीतरी मोठा स्फोट झाला असेल, ही कल्पना अगदी चपखल बसत होती.

एक अडचण मात्र होती, आणि ती खुद्द त्याच पेपरमध्ये आहे. इतका वायू बाहेर चाललाय तर आतला साठा संपत कसा नाही? तो कुठून तरी भरून यायला हवा. ऊर्टचं उत्तर असं होतं, की आकाशगंगेच्या वर-खाली जो विरळ वायूचा परिसर आहे तिथून तो खाली येत असावा. म्हणजे एका गृहीतकाला उभं ठेवायला दुसरं गृहीतक. पेपर वाचताना अशा जागेला पेन्सिलने खूण करत जा.

आता दुसरा अर्थ. त्यासाठी खळं आठवा. आपल्याकडे आता भात झोडतात किंवा यंत्रावर काढतात, पण बैलांची मळणी आजीने तरी पाहिलेली असेल. मधोमध तिवडा, आणि त्याभोवती गोल फिरणारे बैल. तुम्ही खळ्याच्या बाहेर लांब उभे आहात, तुमच्या नजरेच्या रेषेत तिवडा आहे. बैल गोल फिरत असेल, तर तो तुमच्या आणि तिवड्याच्या मधून जाताना निव्वळ आडवा जाईल. ना तुमच्याकडे येईल, ना लांब जाईल. आकाशगंगेत वायू असाच वर्तुळात फिरत असता तर केंद्राच्या दिशेला आपल्याला वेग शून्यच दिसला असता. दिसतोय ५३. मग एक शक्यता अशी, की बैल उधळलाय आणि तिवडा सोडून बाहेर पळतोय. पण आणखी एक शक्यता आहे. समजा वाट गोल नाहीच. ती लांबट आहे, अंड्यासारखी, आणि तुमच्या नजरेला तिरपी. आता बैल तुमच्या आणि तिवड्याच्या मधून जाईल तेव्हा तो तिरका, थोडा तुमच्या दिशेने येत असेल. आणि अर्ध्या फेरीनंतर तिवड्याच्या मागून जाताना? बरोबर उलट्या दिशेने, म्हणजे तुमच्यापासून लांब.

थांबा आणि हे कागदावर काढून बघा. अलीकडचा येतोय, पलीकडचा जातोय. उधळलेल्या बैलांनी जे दिसलं असतं, नेमकं तेच. कोणीही उधळलेला नाही, कोणीही खळं सोडून गेलेला नाही, साठा संपण्याचा प्रश्नच नाही. फक्त वाट लांबट आहे.

जेरार द व्होकुलर याने १९६४ साली छापून आलेल्या एका परिसंवादाच्या खंडात हेच सुचवलं. तो दीर्घिकांचं वर्गीकरण करणारा माणूस, बाहेरच्या दीर्घिकांचे हजारो फोटो त्याच्या नजरेखालून गेलेले. त्याला ठाऊक होतं, की अनेक सर्पिल दीर्घिकांच्या मध्यात ताऱ्यांचा एक लांबट दांडा असतो. दांड्याचं गुरुत्वाकर्षण गोल नसतं, म्हणून वायूची वाटही गोल राहत नाही. आपली दीर्घिका तशीच असेल तर? माझ्या मते या इतिहासातला हा सगळ्यात मोलाचा क्षण आहे, कारण त्याच्याकडे नवं निरीक्षण एकही नव्हतं. आतून आकाशगंगा मोजणाऱ्यांना जे सुचलं नाही, ते बाहेरच्या दीर्घिका बघणाऱ्याला सुचलं.

मग लगेच सगळ्यांनी मान्य केलं? नाही. पंचवीसेक वर्षं दोन्ही अर्थ शेजारी-शेजारी नांदले. १९७२ मध्ये केंद्राजवळच्या रेणूंच्या निरीक्षणांवरून 'प्रसरण पावणारं वलय' मांडलं गेलं, एकाच वेळी जपानमध्ये काइफू आणि सहकाऱ्यांकडून आणि अमेरिकेत स्कोव्हिलकडून. १९७० च्या दशकाच्या शेवटी लिझ्ट आणि बर्टन यांनी तिरप्या लांबट वाटांची मॉडेलं करून दाखवली. पण नुसत्या वेगावरून निकाल लागणार नव्हता. दोन्ही मॉडेलं तेच वेग देत होती, आणि स्फोटाचं मॉडेल जास्त रंजक होतं. निकाल लागायला ताऱ्यांकडे बघावं लागलं, कारण दांडा खरा असेल तर तो ताऱ्यांत दिसायला हवा.

तो १९९१ मध्ये दिसला, दोन बाजूंनी. बिनी, गेरहार्ड, स्टार्क, बॅली आणि उचिदा यांनी दाखवलं, की फिरत्या दांड्यात वायूच्या वाटा दोन प्रकारच्या होतात. बाहेर दांड्याच्या लांबीला धरून, आणि आत त्याला आडव्या. जिथे वाटा एकमेकींना छेदतात तिथे वायू वायूवर आपटतो, वेग गमावतो आणि आतल्या वाटांवर घसरतो. कार्बन मोनॉक्साइडच्या नकाशात जो विचित्र समांतरभुज चौकोन दिसत होता, ज्याला लोक प्रसरणारं वलय म्हणत होते, त्याचा यातून नीट उलगडा झाला. त्याच वर्षी ब्लिट्झ आणि स्पर्गेल यांनी अवरक्त प्रकाशाच्या नकाशात केंद्राची एक बाजू दुसरीपेक्षा ठळक आहे हे दाखवलं. दांड्याचं जवळचं टोक मोठं दिसणारच. गंमत म्हणजे ती निरीक्षणं त्यांची नव्हती. जपानी गटाने बलूनमधून घेतलेली आणि १९८२ मध्ये प्रसिद्ध झालेली ती आकडेवारी होती. नऊ वर्षं ती सगळ्यांसमोर होती. नंतर कोबे उपग्रहाने चित्र पक्कं केलं.

आणि हे कमी म्हणून की काय, २००८ मध्ये डेम आणि थॅडियस यांना तीन किलोपार्सेक बाहूचा जुळा भाऊ सापडला, केंद्राच्या पलीकडे, सेकंदाला सुमारे ५६ किलोमीटर वेगाने लांब जाणारा. दांड्याच्या दोन टोकांना सममित दोन बाहू. अलीकडचा कळून तेव्हा अर्धशतक उलटलं होतं.

इथे एक सावधगिरी. 'ऊर्ट चुकला, द व्होकुलर जिंकला' अशी सुटसुटीत गोष्ट करू नका. केंद्रातून काही बाहेर फेकलं जातच नाही, असं मुळीच नाही. २०१० मध्ये गॅमा किरणांत आकाशगंगेच्या वर आणि खाली हजारो प्रकाशवर्षांचे फुगे सापडले, आणि २०१९ मध्ये दक्षिण आफ्रिकेच्या मीरकॅट दुर्बिणीने केंद्रालगत १४०० प्रकाशवर्षं उंचीची रेडिओ फुग्यांची जोडी दाखवली. स्फोट झालेत, फक्त त्यांची खूण चकतीला लंब दिशेत आहे. चकतीतल्या वायूचा तो वेग मात्र स्फोटाचा नाही.

आता कल्याण. पॉट्स हिलच्या त्याच आवारात ख्रिश्चनसेनने सूर्याची निरीक्षणं घ्यायला ६ फूट व्यासाच्या ३२ लहान डिशांची रांग लावली होती. १९५३ मध्ये दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिकी प्रयोगशाळेतून गोविंद स्वरूप नावाचा २४ वर्षांचा मुलगा कोलंबो योजनेतून दोन वर्षांसाठी तिथे शिकायला गेला. पार्थसारथी या दुसऱ्या भारतीय सहकाऱ्याबरोबर त्याने ती रांग वेगळ्या वारंवारतेला जुळवून सूर्य मोजला. ख्रिश्चनसेन नवी मोठी रचना बांधायच्या मागे होता, त्यामुळे या डिशा आता भंगारात निघणार होत्या. स्वरूपने विचारलं, या भारताला मिळतील का? ऑस्ट्रेलियाने भेट द्यायचं कबूल केलं. मग वाहतुकीचा खर्च कोणी द्यायचा यावर गाडी अडली. डिशा दिल्लीला पोचल्या तोवर स्वरूप अमेरिकेत होता. तिथे स्टॅनफर्डला ब्रेसवेलकडे पीएचडी करून, भाभांच्या बोलावण्यावरून तो १९६३ मध्ये मुंबईच्या टीआयएफआरमध्ये आला. डिशाही मग दिल्लीहून इकडे आल्या.

१९६५ साली त्या कल्याणजवळ उभ्या राहिल्या. २४ डिशा पूर्व-पश्चिम ६३० मीटरच्या ओळीत आणि ८ दक्षिणोत्तर २५६ मीटरच्या ओळीत, वारंवारता ६१० मेगाहर्ट्झ. त्यांनी सूर्याचा बाहेरचा थर, प्रभामंडळ, मोजला. आकाशगंगेचं केंद्र नव्हे. ते या रचनेचं कामही नव्हतं. पण रिसीव्हर जुळवणं, केबल मोजणं, तबकड्या रोखून धरणं हे ज्या तरुणांनी तिथे शिकलं, त्यांनीच पुढे उटीची दुर्बीण बांधली. भारतात रेडिओ खगोलशास्त्राचा सराव ज्या शेताडीत झाला, ती कसारा लोकलच्या टप्प्यात आहे.

उटीची दुर्बीण १९७० मध्ये सुरू झाली: ५३० मीटर लांब, ३० मीटर रुंद, डोंगरउतारावर अशी बसवलेली की तिचा अक्ष पृथ्वीच्या अक्षाला समांतर. तिची खासियत चंद्रपिधान. चंद्राची कड एखाद्या रेडिओ स्रोतावरून सरकते तेव्हा सिग्नल कसा कमी होत जातो त्यावरून स्रोताचा बारीक आकार कळतो, कारण चंद्राची कड कुठे आहे हे आपल्याला अचूक माहीत असतं. चंद्र त्या काळात सॅजिटेरियस ए वरून जात होता. गोपाल-कृष्ण, स्वरूप, सरमा आणि जोशी यांनी ३२७ मेगाहर्ट्झवर ते टिपलं आणि १९७२ मध्ये ते 'नेचर'मध्ये छापून आलं. पॉट्स हिलला सापडलेला स्रोत, पॉट्स हिलच्या भंगार डिशांवर तयार झालेल्या गटाने मोजला. मला हा जोड कुठल्या पाठ्यपुस्तकात मिळाला नाही, दोन वेगळे इतिहास शेजारी ठेवल्यावर दिसला.

आतल्या भागाची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती तुम्ही ऐकलेली असते. १९७४ मध्ये बॅलिक आणि ब्राउन यांना सॅजिटेरियस ए च्या पोटात एक बिंदूवत स्रोत सापडला, सॅजिटेरियस ए-स्टार. त्याच्याभोवती तापलेल्या, आयनित वायूचे तीन फाटे आहेत, त्यांना सॅजिटेरियस ए पश्चिम म्हणतात. त्याबाहेर रेणूंचं एक वलय, सेकंदाला सुमारे ११० किलोमीटरने फिरणारं. लेसरच्या शोधाशी ज्यांचं नाव जोडलेलं आहे त्या टाउन्सच्या गटाने निऑनच्या अवरक्त रेषेने हा आयनित वायू मोजला आणि १९८० मध्ये म्हटलं, की या वेगाला आवरायला मध्यात सूर्याच्या साधारण ३० लाख पट वस्तुमान हवं. आजचा आकडा सुमारे ४० लाखांचा आहे. म्हणजे वायूने उत्तर जवळपास बरोबर दिलं होतं! पण लोकांचा विश्वास बसला नाही, आणि मला वाटतं त्यांचं बरोबरच होतं. वायूला वारा ढकलतो, चुंबकक्षेत्र ओढतं, तो दुसऱ्या वायूवर आपटतो. तीन किलोपार्सेक बाहूच्या वेगाने एकदा चकवल्यावर वायूच्या शब्दावर कृष्णविवर मान्य करणं जड होतं. ताऱ्याला फक्त गुरुत्वाकर्षण कळतं. म्हणून गेन्झेल आणि गेझ यांच्या गटांनी एकेका ताऱ्याच्या कक्षा वर्षानुवर्षं मोजल्या. त्यातला एक तर १६ वर्षांत फेरी पुरी करतो. २०२० चं नोबेल त्यासाठी होतं.

पण धुक्याची युक्ती संपली नव्हती. १९८९ मध्ये पेड्लर, बंगळुरूच्या रामन संशोधन संस्थेचे अनंतरामय्या आणि सहकाऱ्यांनी दाखवलं, की कमी वारंवारतेला सॅजिटेरियस ए पश्चिम चमकत नाही, उलट मागच्या सॅजिटेरियस ए पूर्व या स्रोतावर काळी सावली पाडतो. म्हणजे पश्चिम अलीकडे, पूर्व पलीकडे. आता मधला तो बिंदू या आयनित वायूच्या अलीकडे की पलीकडे? हे ठरलं आपल्या शेजारी. कल्याणहून निघा, मुरबाड, सरळगाव, टोकावडे, माळशेज चढून ओतूर, आळेफाटा, मग नारायणगाव आणि खोडद. तिथे स्वरूप यांच्याच कल्पनेतून उभी राहिलेली जीएमआरटी आहे, ४५ मीटर व्यासाच्या ३० डिशा, साधारण २५ किलोमीटरवर पसरलेल्या. सुभाशिष रॉय आणि प्रमेश राव यांनी तिच्यावर ६०० मेगाहर्ट्झच्या आसपास केंद्र बघितलं, पेपर आला २००४ मध्ये. ए-स्टार जर आयनित वायूच्या मागे असता तर एवढ्या कमी वारंवारतेला तो विझल्यासारखा दिसला असता. तो स्पष्ट दिसला. म्हणजे तो पुढे आहे. (कल्याणची वारंवारता ६१० होती, आठवतंय ना? योगायोग आहे, पण मला आवडतो.)

तुम्ही या विषयाचा विचार करत असाल तर सध्याचा उघडा प्रश्न सांगून ठेवते. दांड्यावरून घसरून आत आलेला वायू केंद्राभोवती काही शे प्रकाशवर्षांच्या पट्ट्यात जमलाय. याला मध्यवर्ती रेणवीय पट्टा म्हणतात, सूर्याच्या काही कोटी पट वस्तुमानाचा. यातले मोठे ढग एकमेकांच्या पुढे आहेत की मागे, यावर अजून एकमत नाही. २००४ मध्ये सवादा आणि सहकाऱ्यांनी एकाच ढगाचं कार्बन मोनॉक्साइडचं उत्सर्जन आणि ओएच रेणूचं शोषण यांची तुलना करून वरून दिसेल तसा नकाशा काढला. म्हणजे तेच धुकं आणि तोच दिवा. २०११ मध्ये मोलिनारी यांनी हर्शेल दुर्बिणीच्या चित्रांवरून पिळलेल्या बंद कड्याचं मॉडेल दिलं. २०१५ मध्ये क्रूइसेन आणि सहकारी म्हणाले, कडं बंद नाहीच, वायू एका उघड्या वाटेवरून वाहतोय. काही ढग एका मॉडेलमध्ये केंद्राच्या अलीकडे येतात, तर दुसऱ्यात पलीकडे जातात. चिलीतल्या अल्मा दुर्बिणीने या सगळ्या पट्ट्याचं नवं सर्वेक्षण केलंय आणि त्याचे पेपर आता येताहेत. जीएमआरटीची जुनी निरीक्षणंही तिच्या ऑनलाइन संग्रहात ठेवलेली असतात. सवादांचा २००४ चा पेपर आणि रुगूर-ऊर्टचा १९६० चा पेपर एकापुढे एक ठेवून वाचा. आधी आकृत्या बघा, वेग कुठे मोजलाय आणि अंतर कुठे मानलंय हे दोन रंगांनी वेगळं करा, आणि मगच त्यांचे निष्कर्ष उघडा.